फायबर काढणे-घालणे

मोटारसायकलीच्या दुरुस्तीतलं सगळ्यात अवघड काम इंजिनात नसतं. इंजिन बिचारं सरळमार्गी. नट आहे, त्याच्या मापाचा पाना आहे. लावा, उलटा फिरवा, सुटतो. खरी परीक्षा असते ती इंजिनापर्यंत पोहोचण्याची. वाटेत ते चकचकीत प्लॅस्टिकचं आवरण आडवं येतं, गॅरेजच्या भाषेत ‘फायबर’. आणि ते फायबर धरून बसलेली असतात सहा-आठ मिलिमीटरच्या भोकात मावणारी, काळी, प्लॅस्टिकचीच लॉकं.

ज्या पिढीने बजाज चेतक वापरली, तिला यातलं दुःख समजावून सांगणं कठीण आहे. 1972 साली आलेल्या त्या स्कूटरचं अंग पत्र्याचं. बगलेचं झाकण काढलं की प्लग समोर. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून प्लग पॉलिश पेपरने घासणं हे तेव्हा गृहस्थाश्रमातलं नित्यकर्म होतं. प्लॅस्टिक जगात नव्हतं असं नाही. होंडाने 1958 च्या सुपर कबला पायांपुढची ढाल आणि पुढचं मडगार्ड पॉलिइथिलीनचं दिलं होतं. पण नखशिखान्त फायबर ल्यायलेली गाडी आपल्या कॉलेजांच्या पार्किंगमध्ये रुळली ती 2008 साली यामाहाची आर-15 आल्यानंतर. आमच्या चिरंजीवांची गाडी त्याच जातकुळीची, घराणं मात्र वेगळं. ते कोणतं, हे सांगून सोयरिकी बिघडवत नाही.

तर त्या गाडीचा प्लग मी घरच्या घरी बदलायचा ठरवला. प्लग बदलणं मला येतं. प्रश्न प्लगचा नव्हताच.

या लॉकाची रचना आधी समजून घ्या. बाहेर एक चपटं डोकं, त्याखाली चिरलेले पाय आणि मधोमध एक खिळी. खिळी आत बसली की पाय भोकापलीकडे फाकतात. मग डोकं धरून कितीही ओढा, लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखं ते लॉक जितका आग्रह कराल तितकं पाय रोवून बसतं. कारखान्यात मात्र त्याचं वागणं आदर्श. अंगठ्याने दाबलं की बसलं. मागून नट धरायला नको, आटे पाडायला नकोत, गंज नाही, खडखड नाही. उन्हात प्लॅस्टिक खालच्या लोखंडी सांगाड्यापेक्षा जास्त फुगतं, तेवढी मोकळीकही ते देतं. एकूण बसवणाऱ्याच्या सुखाचा विचार अगदी बारकाईने झालेला आहे. हे पुढे कुणी काढणारही असेल, हा मुद्दा त्या बैठकीत बहुधा चहा आल्यामुळे राहून गेला.

शिवाय यात पोटजाती आहेत. एकीची मधली खिळी आत दाबायची, कट् असा आवाज येतो आणि सगळं लॉक हातात येतं. फार जोरात दाबली तर खिळी आरपार जाते आणि पुढे गाडीच्या पोटातून आपली खुशाली कळवत राहते. दुसरीची खिळी दाबायची नाही, नखाने वर उचकटायची. तिसरीच्या डोक्यावर स्क्रूसारखी फुली असते. स्क्रू ड्रायव्हर फिरवला की खिळी वर यावी अशी अपेक्षा असते. पण आत माती गेली की खिळी आणि लॉक दोघं मिळून, एकमताने, गोल गोल फिरतात. वरून तिन्ही काळी आणि मातीने माखलेली, त्यामुळे कोण कोणत्या शाखेचं हे कळायला मार्ग नाही. तळमजल्यावरच्या निवृत्त अभियंत्यांनी गॅलरीतूनच “दाबा हो, दाबा!” असं सांगितलं. त्यांच्या शेजारच्यांचं मत “ओढा!” असं होतं. दोघांचंही बरोबर होतं, फक्त लॉकं वेगवेगळी होती.

यातली पुष्कळशी लॉकं नायलॉनची असतात. डू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी 1935 साली हे नायलॉन तयार केलं. 1940 मध्ये त्याच्या मोज्यांसाठी अमेरिकेतल्या बायकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. नायलॉन हवेतली ओल पितं आणि ओल असेतोवर लवचिक राहतं. कोरडं पडलं की ठिसूळ होतं. म्हणजे पुण्यात लॉक काढायला आषाढ-श्रावण उत्तम, वैशाख पूर्णपणे वर्ज्य. वास्तुशांती आणि मौंजीच्या बरोबरीने पंचांगात हाही मुहूर्त छापायला हरकत नाही.

आम्ही नेमके वैशाखात बसलो होतो. म्हणून आधी पाणी मारलं आणि जुन्या टूथब्रशने माती घासली. नायलॉन बाजारात पहिल्यांदा आलं तेच 1938 साली टूथब्रशचे केस म्हणून. रुसलेल्या व्याह्यांकडे त्यांच्याच घरातला माणूस मध्यस्थीला पाठवावा, तसा तो उपाय. मग हलकी ऊब द्यायला हेअर ड्रायर आणला. वरून प्रश्न आला, “अहो, गाडीचे केस वाळवताय का?” उत्तर द्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो, कारण दिसणारी सगळी लॉकं निघाली होती आणि फायबर तरीही जागचं हलत नव्हतं. आतल्या बाजूला आकडे असतात; फायबर आधी पुढे सरकवून मग बाहेर काढायचं असतं. ते सरकेना, कारण एक फुलीवालं लॉक टाकीखाली दडून बसलं होतं आणि ते फक्त फिरत होतं.

गाडी गॅरेजला नेली. तिथल्या पोराने दुबेळक्या टोकाची पट्टी लॉकाच्या डोक्याखाली सारली, वर किंचित रेटा ठेवला आणि दुसऱ्या हाताने स्क्रू ड्रायव्हर फिरवला. खिळी निमूट वर आली. “नसतं आलं तर?” मी विचारलं. “कापायचं, काका. लॉक चार-पाच रुपयांचं. फायबरचा कान तुटला तर अख्खं पॅनेल बदलावं लागतं.” बसवतानाही त्याने खिळी आधी वर ओढून घेतली, लॉक भोकात ठेवलं आणि मग डोक्याच्या पातळीला येईपर्यंत दाबली.

बिलात प्लगची किंमत होती, प्लग बदलण्याची मजुरी होती आणि त्या दोन्हींहून मोठी रक्कम ‘फायबर काढणे-घालणे’ या नावाखाली होती. जन्म पुण्यात काढूनही त्या रकमेवर मी एक शब्द बोललो नाही. प्लगचे मात्र दहा रुपये कमी करून घेतले.