पैसे वसूल करण्याचा मुळशी पॅटर्न

पावसाळ्यातल्या रविवारी चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागणारी बहुतेक कुटुंबं ताम्हिणीचे धबधबे बघायला निघालेली असतात. निदान घरातून तसं सांगून निघतात. प्रत्यक्षात भूगावची कोंडी सुटेपर्यंत साडेबारा वाजतात, पिरंगुटात मुलांना भूक लागते, पौडात मोठ्यांना, आणि धबधबा ‘परत येताना बघू’ या सदरात जातो. मुळशी हा मुळात जेवायला जाण्याचा तालुका आहे आणि निसर्ग तोंडी लावायला आहे, एवढं आधी मान्य करून टाकू. जेवायलाच जायचं तर ते पद्धतशीर आणि पैसे वसूल होतील असं कसं जेवावं, याचं मार्गदर्शन मराठीत मिळत नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

तयारी आदल्या रात्रीपासून करावी. शनिवारी जेवण हलकं, रविवारी नाश्ता बंद. सवयीनं कुणी पोहे केलेच तर ते झाकून ठेवावेत. संध्याकाळी टाकून देताना झाकलेले बरे पडतात. रिकाम्या पोटी माणूस मेन्यूकार्ड वाचत नाही, मोठ्यांदा पाठ म्हणतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. ही वीस मिनिटं हेच आपलं भांडवल. तेवढ्या वेळात तीन भाकऱ्या, चार वाट्या रस्सा आणि एक सोलकढी सहज आत जाते. मेंदूला खबर लागेपर्यंत कामगिरी फत्ते झालेली असते. सावकाश चावून खाणारा एखादा आतेभाऊ बरोबर असेल तर त्याला टेबलाच्या टोकाला बसवावं. त्याच्याकडे बघून इतरांचा वेग मंदावतो.

ऑर्डर देण्याचा मान बिल भरणाऱ्या काकांचा असला तरी ऑर्डर खरी देते ती भीती. ‘कमी पडलं तर?’ या प्रश्नाला मराठी घरात उत्तर नाही. पाहुण्याला कमी पडलं तर अब्रू जाते, उरलं तर कुणाचं काही जात नाही. घरात हा हिशेब बरोबरच होता, कारण तिथं उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो आणि शिळ्या पोळीचा कुस्करा. हॉटेलातल्या ताटाला असा दुसरा दिवस नसतो. तरीही ऑर्डर घरच्याच हिशेबानं द्यावी, आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशी द्यावी. सहा माणसांना सहा थाळ्या, वर एक सुकं, बोंबील फ्राय दोन, आणि ‘पोरं काही खात नाहीत’ म्हणून त्यांच्यासाठी वेगळं पनीर. वाढप्यानं चुकून “दादा, आधी एवढं घ्या, लागलं तर परत सांगा” असं सुचवलं, तर त्याच्याकडे दयेनं पाहावं. नवीन असेल बिचारा.

आता अनलिमिटेड थाळीविषयी. हा एक करार असतो आणि त्यातली खुबी पाटीवरच लिहिलेली असते: भाकरी, रस्सा, भात अनलिमिटेड, सुकं एकदाच. म्हणजे जे महाग ते मोजून आणि जे स्वस्त ते पोटभर. मालकाला हे कळतं, वाढप्याला कळतं, आपल्यालाही कळतं. तरी आपण ठरवतो की चौथ्या वाटीला आपण जिंकू. चौथी वाटी संपते, मालक गल्ल्यावर शांत बसलेला असतो. पाचवी मागवावी.

आपल्या पूर्वजांनी याबाबत फारच संकुचित विचार केलेला दिसतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वात-पित्त-कफाला मोकळा ठेवायला सांगितलं आहे. वाग्भटानं तर अर्धा भाग अन्नाला, पाव पाण्याला आणि पाव रिकामा, असं गणित मांडलं. पैसे भरलेल्या जागेतला पाव हिस्सा रिकामा ठेवणं कोणत्या पुणेकराला परवडेल? सुधारित विभागणी अशी: पहिला भाग भाकरीचा, दुसरा रश्श्याचा आणि तिसरा “एवढं संपवून टाक गं, वाया कशाला घालवायचं” याचा. हा तिसरा भाग प्रथेनुसार घरातल्या आईकडे असतो. मुलांच्या ताटातलं अर्धं पनीर, सासऱ्यांनी न खाल्लेली भाकरी, दिराचा उरलेला बोंबील, सगळं तिच्याकडे येतं. अन्न वाचवण्याची ही मराठी योजना फार जुनी आहे. कचऱ्याच्या डब्याऐवजी एका माणसाच्या पोटात टाकलं की ते वाया गेलं असं कुणी म्हणत नाही.

मग येतो भात, आणि इथं थोडं थांबावं लागेल.

थाळीत भात शेवटी येतो. तोवर पट्टा सैल झालेला असतो, आजी जांभया देत असतात. तरी “भात आणू का?” याला “आण” हेच उत्तर द्यायचं, कारण त्याचे पैसे थाळीत धरलेले आहेत. मूद येत नाही, डोंगर येतो. त्यावर रस्सा ओतावा, नीट कालवावं, चार घास खावेत आणि हात धुवायला उठावं. कालवण्यात हयगय करू नये. कोरडा राहिलेला भात कुणीतरी पार्सल करायला सांगू शकतं. कालवलेल्या भाताला कुणी वाली उरत नाही.

ताटातल्या बाकीच्या गोष्टी बाहेरगावच्या असतात. बोंबील घाट चढून आलेले, ज्वारी सोलापूर-नगरकडची, बोकड कुठला ते मालकालाच ठाऊक. मुळशीच्या मातीतलं खरं पीक म्हणजे भात. इथला आंबेमोहोर नावाजलेला. पण रोप उंच, वाऱ्यापावसात लोळणारं, आणि उतारा कमी. त्यावर तोड म्हणून शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर करून इंद्रायणी तयार केला गेला आणि १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आज हॉटेलच्या फलकावर ‘गरमागरम इंद्रायणी भात’ असं लिहिलेलं असतं तो हाच. त्यासाठी उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाबरोबर रोपं टाकायची, चिखलणी करायची आणि जुलैत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून लावणी करायची. म्हणजे ज्या रविवारी आपण हा डोंगर रश्श्यात बुडवून उठतो, त्याच रविवारी रस्त्यापलीकडच्या खाचरात लावणी चाललेली असते. तिचा फोटो आपण काढलेलाही असतो. शिष्टाचार म्हणून सांगतो, हा फोटो जेवणाआधी काढावा. नंतर काढला तर काठावरचा एखादा म्हातारा जेवण कसं होतं म्हणून विचारण्याची शक्यता असते.

१९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारपणाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो ही भातखाचरं टाटांच्या धरणाखाली जाऊ नयेत म्हणून. खाचरं गेलीच. त्यांच्यावर साठलेलं पाणी पुण्याकडे येत नाही. पश्चिमेला कोकणात भिऱ्याला उतरून वीज तयार करतं. तेव्हा धरणाच्या काठावर बसून भात टाकायचाच असेल तर निदान पाण्याच्या बाजूची खिडकी मागून घ्यावी. शंभर वर्षांचा इतिहास एका नजरेत येतो.

ज्यांना एवढ्यानं समाधान नाही अशा महत्त्वाकांक्षी वाचकांनी शेजारच्या तालुक्याकडे पाहावं. जिथं जास्त उतारा देणारा भात शोधला गेला, त्याच वडगाव मावळात २०२१ च्या जानेवारीत शिवराज हॉटेलची ‘बुलेट थाळी’ देशभर गाजली. अडीच हजार रुपयांची सुमारे चार किलोंची मांसाहारी थाळी एका माणसानं एका तासात संपवायची आणि बक्षीस म्हणून रॉयल एनफिल्ड बुलेट घेऊन जायची. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गड्यानं ती नेलीही. या स्पर्धेची अट बारकाईनं पाहावी. थाळी संपवायची होती. उरवणाऱ्याला बुलेट ठेवलेली नव्हती, नाहीतर पुण्याहून रविवारी येणाऱ्या दर गाडीमागे एक द्यावी लागली असती.

सरकारनंही या विषयात एकदा हात घालून पाहिला आहे. मार्च २०१७ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान वाया जाणाऱ्या अन्नाबद्दल बोलले आणि पुढच्याच महिन्यात तेव्हाचे अन्नमंत्री रामविलास पासवान यांनी प्रश्न केला, की दोन कोळंब्या खाणाऱ्याला सहा का वाढायच्या? हॉटेलांनी किती वाढायचं हे ठरवून द्यावं की काय, अशी चर्चा आठवडाभर रंगली, मग सक्ती नाही असा खुलासा आला आणि कोळंब्या वाचल्या. मुळशीकर हॉटेलवाल्यांना यात नवीन काही वाटलं नसावं. सुक्यातल्या फोडी ते केव्हापासून मोजूनच वाढतात. मोजमाप बिघडतं ते फुकट मिळणाऱ्या गोष्टींचं. पाण्याच्या बाबतीत मात्र पुण्यातल्या हॉटेलांनी हे करून दाखवलं. २०१९ च्या टंचाईत अनेकांनी पूर्ण ग्लासाऐवजी अर्धा ग्लास पाणी द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक चिडलं नाही, तहान लागली तर अर्धा परत मागितला. हीच युक्ती भाताला लावावी असं कुणाच्या मनात येईल, तर त्यांनी लक्षात घ्यावं की २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. जिथं आभाळच हात आखडत नाही तिथं वाढप्यानं का आखडावा?

पार्सल हा नाजूक विषय. उरलेलं बांधून मागणं ही तीन टप्प्यांची क्रिया आहे. आधी आजूबाजूला बघणे, मग वाढप्याला जवळ बोलावणे, मग हळू आवाजात “कुत्र्यासाठी” म्हणणे. घरी कुत्रा असणं आवश्यक नाही. असलाच तर मात्र त्याला ते घालू नका, कारण रश्श्याचं वाटण कांद्याचं असतं आणि कांदा कुत्र्याला विषासारखा बाधतो. पार्सल स्वतःसाठीच असेल तर ते गाडीच्या डिकीत ठेवून उरलेले धबधबे पाहायला निघू नका. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तग धरतात आणि भात कोमट राहिला की कामाला लागतात. दोन तासांत फ्रिज गाठणं शक्य नसेल तर भाताचं पार्सल घेऊच नये. भाकरी आणि ठेचा यांना प्रवास मानवतो. सोसायटीच्या वॉचमनला देण्यासाठी म्हणून पार्सल घेणाऱ्यांनी ते रात्री साडेनऊला, चार तास डिकीत फिरवून, पिशवीला रस्सा सुटलेल्या अवस्थेत द्यावं. तो नाही म्हणत नाही. त्याचा डबा सातलाच झालेला असतो, पण दान देणाऱ्याच्या तोंडावर कोण बोलणार?

दान नीट करायचं तर त्याचेही नियम आहेत. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत, रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवक हॉटेलांतून आणि मंगल कार्यालयांतून अन्न नेतातही. पण ते पातेल्यात उरलेलं. ताटात आलं, हात लागला, की ते कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही. म्हणून खरी जागरूकता दाखवायची असेल तर वाढण्याआधी “नको” म्हणावं लागतं, आणि ते आपल्याला जमत नाही.

यावर कुणी म्हणेल, एका मुळशीनं काय होणार? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न टाकलं गेलं. त्यात हॉटेलं, खानावळी आणि कँटीन यांचा वाटा २९ कोटी टन. निम्म्याहून अधिक, ६३ कोटी टन, घराघरांतून गेलं. म्हणजे रविवारी तालुक्यात जाऊन जे आपण करतो ते आठवड्याचे सहा दिवस घरीही करतच असतो, फक्त तिथं गावरान संगीत नसतं. शिवाय टाकलेल्या अन्नाचं काही भलं करण्याचा उद्योग पुण्यातच झाला आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं शेणाऐवजी खरकट्यावर आणि पिठूळ पदार्थांवर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र बनवलं, २००६ मध्ये त्याला ब्रिटनचं अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालं. शेणाला जिथं महिना-दीड महिना लागतो तिथं भाताचा गॅस एक-दोन दिवसांत होतो. त्यामुळे ज्यांना भात टाकल्यावाचून करमतच नाही त्यांनी गच्चीवर हे संयंत्र बसवून घ्यावं आणि भात हॉटेलातून घरी आणून टाकावा.

शेवटी वाचकांकडून हमखास येणारी एक शंका. आम्ही पाच जण आहोत, तीन थाळ्या मागवून वाटून खाल्ल्या तर चालेल का? चालणार नाही. ‘थाळी शेअर करता येणार नाही’ ही पाटी हात धुवायच्या बेसिनवर, ‘येथे केस विंचरू नयेत’च्या खाली लावलेली असते. मग थाळीच घेऊ नये. दोन प्लेट मटण पाच जणांत, भाकऱ्या माणशी एक, आणि भात सगळ्यांत मिळून एक प्लेट, तीही सगळ्यांचं खाऊन झाल्यावर विचारून. वाढपी दोनदा “बास, एवढंच?” म्हणेल. काका अस्वस्थ होतील, त्यांना सोलकढी द्यावी. गल्ल्यावरचा मालक नाराज होईल ही भीती मनातून काढून टाका. रविवारी दुपारी दीड वाजता बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंधरा माणसं नंबर लावून बसलेली असतात. तुमच्या सहाव्या वाटीपेक्षा तुमचं रिकामं टेबल त्याला जास्त हवं असतं. चाळीस मिनिटांत उठलात तर तो बडीशेप स्वतः पुढे करेल.