अंगठ्याएवढ्या झडपेस अनावृत पत्र

श्री. रा. रा. चेक व्हॉल्व्ह यांसी,
मुक्काम फ्युएल पंपाचं तोंड, पोर्शे ९११ एससी, सन १९८०.

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली ओळख व्हायला मला दोन उन्हाळे लागले, याबद्दल आधी क्षमा मागतो. आपण थोर. थोरांना भेटायचं तर देवडीवरच्या पहारेकऱ्यांची मर्जी सांभाळावी लागते. मी एकेका पहारेकऱ्याला नोकरीवरूनच काढत गेलो, आणि आपण आत स्वस्थ बसून होतात.

सकाळी गाडी थंड असताना आपण माझी कधीच अडवणूक केली नाही. एक सेल्फ मारला की मागचे सहा सिलिंडर गुरगुरायला लागत. महामार्गावर तासभर पळवून पेट्रोल भरायला थांबलो, दोन मिनिटांत परत आलो, तरी सुरू. पण पेट्रोलनंतर कॉफी झाली, कॉफीबरोबर केक आला, अर्धा तास गेला, की संपलं. सेल्फ फिरतोय, बॅटरी उतरतेय, श्टुटगार्टजवळच्या त्या थांब्यावरची सभ्य जर्मन माणसं पाहून न पाहिल्यासारखं करतायत, आणि सौ. म्हणतेय, "बाबांची फियाट बरी होती." संध्याकाळी ऊन उतरलं की तीच गाडी काही घडलंच नाही अशा थाटात सुरू.

बाबांच्या फियाटचाच संस्कार म्हणून मी ॲक्सिलरेटर दाबदाबून पाहिला. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेडल दाबलं की पेट्रोलची पिचकारी तरी आत जाते. आपल्या दरबारी तसली लाचलुचपत चालत नाही. १९७३ मध्ये ९११मध्ये आलेली ही के-जेट्रॉनिक. 'के' म्हणजे जर्मनमध्ये 'सतत'. आत येणारी हवा एक तबकडी उचलते, तबकडी जितकी उचलली जाईल तितकं पेट्रोल सहाही इंजेक्टरांतून अखंड फवारलं जातं. पेडलने फक्त हवेची वाट उघडते. म्हणजे दोन वर्षं मी पार्किंगमध्ये उजव्या पायाचा व्यायाम करत होतो.

आपलं काम किती छोटं! इंजिन बंद झालं की पंपापुढचं पेट्रोल मागे टाकीत जाऊ द्यायचं नाही. एवढंच. पण हे इंजिन हवेवर थंड होणारं. ते थांबलं की त्याचा पंखाही थांबतो आणि आतली धग बाहेर पडून नळ्यांना भाजत राहते. पेट्रोलमधले हलके घटक चाळिसेक अंशांतच उकळू लागतात. नळीत दाब टिकून असेल तर ते तसेच द्रव राहतात; दाब गेला की नळीभर वाफ. मग सेल्फ कितीही मारा, इंजेक्टरांतून पेट्रोलऐवजी वाफ निघते. थंड गाडीला कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हचा वाढीव फवारा तरी मिळतो. गरम गाडीला तो मिळत नाही, कारण तिला गरज नाही असं यंत्राचं मत. आमच्याकडे तापलेल्या पाहुण्याला कोणी चहा विचारत नाही, तसंच हे. आणि तासन्‌तास उभी राहून गाडी निवली की वाफेचं परत पेट्रोल होतं.

हे सगळं मला आता कळतं. तेव्हा मी आधी प्लग बदलले, मग वायरी. मग वॉर्म-अप रेग्युलेटर, कारण त्याच्या नावातच 'वॉर्म' होतं. एका जाणत्याने सांगितलं, पंपाचा रिले काढून तिथे तार जोडा, पंप दहा सेकंद आधी चालवा, मग सेल्फ मारा. तसं केलं, आणि गाडी तापलेली असूनही पटकन सुरू झाली! दाब आधीच गळून गेलेला असतो, हे इतकं स्पष्ट सांगणारी खूण दुसरी नाही. मी काय केलं? नवा रिले आणला. पुढे सहा इंजेक्टर. शेवटी ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवून धरणारा तो डबा. तो बसवल्यावर गाडी दोन आठवडे शहाण्यासारखी वागली. त्या दोन आठवड्यांत पाऊस होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. एकूण खर्च लिहीत नाही. हे पत्र घरीही वाचलं जातं.

अखेर त्याच जाणत्याने एक प्रेशर गेज आणला आणि इंजेक्टरांना पेट्रोल वाटून देणारा फ्युएल डिस्ट्रिब्युटर व वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्यामध्ये जोडला. (हे उघड्यावर करावं, अग्निशामक हाताशी ठेवून. तापलेलं इंजिन आणि पेट्रोल यांच्याशी थट्टा नको.) इंजिन तापवून बंद केलं. काटा थोडा उतरून थांबायला हवा आणि अर्धा तास तरी तिथे रेंगाळायला हवा. आमचा काटा पाच मिनिटांत शून्यावर. मग चौकशी सुरू झाली. ॲक्युम्युलेटरची मागची नळी काढली: कोरडी, म्हणजे त्याच्या आतला पडदा शाबूत. कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह काढून बरणीत धरला: थेंब नाही. टाकीकडे परतणारी नळी चिमट्याने दाबली: काटा उतरतोच. टाकीकडून पंपाकडे येणारी नळी दाबली, आणि काटा जागच्या जागी थांबला. पेट्रोल आपल्यातूनच मागे पळत होतं, महाराज.

आपल्याला उतरवून नवीन व्हॉल्व्ह बसवायला वीस मिनिटं लागली. आपल्यावर राग नाही. चाळीस वर्षं पेट्रोलमध्ये बसून कोणाचीही स्प्रिंग सैल होईल. राग आहे तो गेजकडे शेवटी वळणाऱ्यावर, आणि तो गृहस्थ रोज दाढी करताना मला आरशात भेटतो.

परवा भर दुपारी चाळीस मिनिटं कॉफी, केक आणि वर आईस्क्रीम खाऊन परतलो. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. सौ. म्हणाली, "मग आता फियाट नको?"

कळावे, लोभ असावा,
आपला (आता मोजून मगच खरेदी करणारा) गाडीमालक

ता. क. विकणे आहे: सहा इंजेक्टर, एक वॉर्म-अप रेग्युलेटर, एक ॲक्युम्युलेटर, एक रिले. सर्व माल जुना, पण उत्तम चालू स्थितीत.