जॉइनिंगची तारीख ढकलणाऱ्या साहेबांना खुले पत्र



तुमच्या भरती विभागाची परवा पुन्हा मेल आली. ऑगस्ट २०२४ची माझी जॉइनिंग आधी दिवाळीनंतर गेली. आता ‘व्यवसायाच्या गरजेनुसार’ कळवणार आहात. तुमचा स्वतःचा पगार कधी व्यवसायाच्या गरजेनुसार लांबला का? नाही ना? मग आमचं खोलीभाडं थांबेल, असं कशावरून धरून चाललात?

ट्रेनिंगचा निरोप ऐनवेळी येतो, आधीच पुण्यात येऊन राहा, असं तुमच्याच माणसाने सांगितलं होतं. म्हणून हिंजवडीजवळ डिपॉझिट भरून कॉट घेतली. मेसच्या काकूंच्या वहीत माझ्या नावापुढची बाकी वाढतेय. त्या तोंडाने मागत नाहीत. ताट वाढताना वही तेवढी उघडी ठेवतात.

भाव येईल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन बाबांनी लातूरच्या आडतीवर नेलं. २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, पदरात पडले त्याहून कमी. ते सगळे माझ्या भाड्यात गेले. तुम्हाला प्रोजेक्ट मिळेपर्यंत तुमचा माणूस एका कोरडवाहू शेतकऱ्याने पोसायचा, हे कोणत्या हिशोबात बसतं?

दुसरीकडे बघ, म्हणाल. तुमचं ऑफर लेटर आलं त्याच दिवशी ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ या नियमाने कॉलेजने मला पुढच्या कंपन्यांना बसू दिलं नाही. बांधले गेलो आम्ही, मोकळे राहिलात तुम्ही. आता बाहेर मुलाखतीत विचारतात, पास होऊन इतके महिने काय केलं? याचं उत्तर तुम्हीच द्या. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर नसतो, व्याज मात्र चालूच असतं. ते वर्ष तुम्ही खाताय.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने २०२४मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, ती २०२२च्या बॅचमधल्या सुमारे २००० इंजिनिअरांची. ऑफर हातात असून दोन वर्षं ताटकळलेली पोरं ती!

तारीख द्या. देता येत नसेल तर जॉइन होईपर्यंत भाड्या-मेसपुरते पैसे द्या. तेही जमत नसेल तर ऑफर रद्द केली असं सरळ लिहून द्या, म्हणजे मी दुसरं दार ठोठावायला मोकळा. आणि या वेळी उत्तराखाली माणसाचं नाव हवं. आजवरची तुमची प्रत्येक मेल ‘नो रिप्लाय’ पत्त्यावरून आली आहे.