एक्सचा आकडा

सुपरझूम कॅमेऱ्याच्या खोक्यावर सगळ्यात ठळक असतो तो 'एक्स'. ६५एक्स, ८३एक्स, १२५एक्स! गिऱ्हाइकाला वाटतं, तेवढ्या पट लांबचं दिसणार. आणि काउंटरपलीकडून हा समज कुणी दूर करत नाही. एक्स हा नुसता भागाकार आहे: लेन्सचं शेवटचं टोक भागिले सुरुवातीचं. कॅननचा एसएक्स७० २१ ते १३६५ मिलिमीटर जातो, म्हणून ६५एक्स. तोच २८ पासून सुरू झाला असता तर पक्षी तेवढाच मोठा आला असता आणि खोक्यावर मात्र ४९एक्स छापावं लागलं असतं.

निकॉनचा पी१०००, २०१८ चा, थेट ३००० पर्यंत पोचतो. त्या टोकाला पौर्णिमेचा चंद्र चौकटीच्या उंचीत मावत नाही. ही करामत अस्सल आहे. पण ३००० हा ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबातला आकडा. प्रत्यक्षात लेन्स ५३९ ची. उरलेली वाढ इवल्या सेन्सरमुळे. तो जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, करंगळीच्या नखाएवढा. त्यात टोकाला अ‍ॅपर्चर एफ८, म्हणजे प्रकाश आत येतो थोडाच. ऊन कलल्यावर झाडीतला तांबट टिपायला जा: आयएसओ चढतो, कॅमेरा नॉइज पुसायला बसतो आणि पिसांचा लगदा होतो. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ फक्त २५एक्स, ६०० पाशी थांबतो. पण सेन्सर चौपट आणि टोकाला एफ४. महाग आहे, पण सावलीत तोच जिंकतो.

तरीही अशा सुपरझूम 'ब्रिज' कॅमेऱ्याला नाकं मुरडणाऱ्यांचंही मला पटत नाही. लाखो रुपयांची ६०० ची लेन्स किती जणांना परवडते? भिगवणला सकाळच्या कोवळ्या उन्हात दीड किलोच्या आतला हा कॅमेरा रोहितांचे सुरेख फोटो देतो, आणि त्यासाठी होडी थव्यात घुसवावी लागत नाही. पक्ष्यांच्या दृष्टीने याहून मोठं फीचर नाही! दुपारी मात्र पाण्यावरची हवा थरथरू लागली की कुठलाच झूम कामाचा नाही. तेव्हा सरळ जेवायला जावं.

घ्यायचा असेल तर दुकानात विचारा: सेन्सर केवढा? टोकाला एफ किती? रॉ फाइल मिळते का? (पी९०० मध्ये नव्हती, पी९५० मध्ये आली.) उत्तरादाखल पुन्हा एक्सच ऐकू आला, तर दुसरं दुकान गाठा.