लक्ष्मीच्या पावलांची टाच

टाच दुखायला लागली की जालन्यात प्रत्येकाला डॉक्टरकी येते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हाड वाढलं असंल. वीट तापवा, वर रुईचं पान ठेवा अन् टाच टेकवा." एक्स-रेत खरंच टाचेच्या हाडाला बारीक काटा दिसला. काकू विजयी मुद्रेनं गल्लीभर हिंडल्या. असा काटा न दुखणाऱ्या टाचांतही सापडतो, हे मला मागाहून कळलं. काकूंच्याही टाचेत असेल, पण त्यांना सांगणार कोण?

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती माझी रोज सकाळी न रागावता जायची. पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की कळ, थोडं चाललं की कमी. मालिका बघून उठलं की पुन्हा.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी ओला पाय कागदावर ठेवायला सांगितला. टाच उमटली, चवडा उमटला, बोटं उमटली. मधे कागद कोरडा. ही परीक्षा मी लग्नाआधीच पास झाले होते! बघायला आलेल्या मंडळींनी मला ओल्या पायांनी फरशीवरून चालवलं होतं. मधली कोरडी जागा बघून सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मीची पावलं!" तीच लक्ष्मी आता दर भेटीला फी मोजत होती.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. कमान उंच, त्यामुळे सगळा भार टाचेवर आणि चवड्यावर. असा पाय दबत नाही, धक्का पचवत नाही. टाचेपासून बोटांकडे जाणारा पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, ओढला जातो. त्यात माझ्या पोटऱ्या आमच्या एमआयडीसीतल्या सळईसारख्या ताठ.

मग सुरू झाली कसरत. उठण्याआधी पलंगावरच पायाची बोटं हातानं नडगीकडे ओढायची. पायरीवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाच सावकाश वर-खाली. हे एक दिवसाआड. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची (ती कुणी पिऊ नये म्हणून घरभर ताकीद). भिंतीला हात लावून पोटरी ताणताना सासूबाईंनी पाहिलं. "घर पाडायलीस का गं?"

खरी लढाई चपलेची झाली. मॅडम म्हणाल्या, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. आमच्याकडे चप्पल उंबऱ्याच्या आत आली की गोमूत्र शिंपडायची वेळ! शेवटी तह झाला: रस्ता न पाहिलेली नवी चप्पल स्वयंपाकघरापर्यंत चालेल, देवघरात नाही. आता दुपारी ती चप्पल शोधावी लागते. सासूबाईंच्या पायात असते.

बुटांच्या दुकानात मालकांनी सगळ्यात महागडा, कडक आधाराचा जोड पुढे केला. तो सपाट पायवाल्यांसाठी. उंच कमानीला हवी मऊ गादी, टाचेला थोडी उंची आणि मधली पोकळी भरणारा इनसोल. ते घेतल्यावर खरा फरक पडला.

अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला माणसं रात्रभर पायी जातात, कित्येक अनवाणी. यंदा मी बूट घालून गेले. गणपतीनं चालवून घेतलं, काकूंनी नाही.

बहुतेक टाचा वर्षभरात अशाच साध्या उपायांनी सुधारतात. तुमची दुखत असेल तर वीट तापवण्याआधी चप्पल पालथी करून बघा. टाचेकडचं रबर झिजलं असेल, तर आधी चप्पल बदला.