व्याह्यांचं वजन

डेट्रॉईटच्या पश्चिमेला नोव्ही, कँटन अशी जी उपनगरं आहेत, तिथला मराठी माणूस बहुधा कुठल्यातरी गाडीचा कुठलातरी तुकडा बनवत असतो. कुणी सीटबेल्टवाला, कुणी वायपरवाला. गणपतीच्या आरतीला सगळे जमले की टाळ्यांच्या अंतरात एक अख्खी गाडी जुळून यावी. माझा भाचा मंदार त्यातला गिअरबॉक्सवाला. नोकरीत बस्तान बसल्यावर त्याने जुना पिकअप ट्रक घेतला. अमेरिकेत पिकअप घ्यायला मागे टाकण्यासारखं काही असावं लागतं, असं मुळीच नाही. मी तिथे होतो तेवढ्या काळात त्या हौद्यातून आलेला सर्वांत जड माल म्हणजे इंडियन ग्रोसरीतलं तांदळाचं पोतं.

ट्रक मागच्या चाकांवर चालणारा. इंजिन पुढे, हौदा रिकामा. म्हणजे ज्या चाकांनी ढकलायचं त्यांच्यावरच वजन नाही. पहिला बर्फ पडला की तो घरासमोरच्या चढावर जागच्या जागी चाक फिरवीत उभा राही. तेव्हा त्यात लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवून घ्यावं की नाही, हा घरातला ज्वलंत प्रश्न होता. खर्च मजुरीसकट हजार-दीड हजार डॉलर.

"म्हणजे सव्वा लाख," काळेसाहेब म्हणाले आणि पुढचे दोन दिवस दुसरं काही बोलले नाहीत.

काळेसाहेब हे मंदारचे सासरे. माझ्या बहिणीचे व्याही, म्हणून रीतीने माझेही. एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त. व्याह्यांशी मतभेद व्यक्त करायचा तर "आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे, पण" इथून सुरुवात करावी लागते. फेब्रुवारीत आम्ही तिघे हॉटनला निघालो तेव्हा साडेपाचशे मैल हे वाक्य दोन्ही बाजूंनी चाललं होतं. मंदारची बायको आली नाही. "तुम्ही डिफरन्शियल घेऊन जा, मी झोपते," म्हणाली.

हॉटन मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, कीविनॉ द्वीपकल्पावर. तिथल्या मिशिगन टेक विद्यापीठात 1922 पासून विंटर कार्निव्हल भरतो आणि पोरं थंडीत रात्ररात्र जागून बर्फाचे महाल उभारतात. वाटेत मॅकिनॉ पूल लागतो. 1957 साली खुला झालेला, पाच मैल लांब, आणि आतल्या लेनला खाली चक्क लोखंडी जाळी. खिडकीतून वाकून पाहिलं तर थेट पाणी. मंदारने माहिती पुरवली की ज्यांना भीती वाटते त्यांची गाडी पलीकडे नेऊन द्यायला पुलाचं प्राधिकरण आपला ड्रायव्हर देतं.

"आणि कंडक्टर?" काळेसाहेबांनी विचारलं.

पूल ओलांडल्यावर मंदारने मूळ विषय काढला. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच दांड्याला पक्की बांधली तर टायर घासत, ओरडत वळतील. त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. एकोणिसाव्या शतकात पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने तिचं पेटंट घेतलं होतं. सोय उत्तम, पण साधं डिफरन्शियल एकत्र कुटुंबातल्या अतिन्यायी कर्त्यासारखं वागतं. दोन्ही भावांना समान वाटा म्हणजे समान. आणि धाकट्याला दोन घासच पचत असतील तर थोरल्यालाही दोनच घास. एक चाक बर्फावर, दुसरं कोरड्या डांबरावर, तर डांबरावरच्यालाही जोर मिळणार बर्फावरच्याइतकाच. ते ढिम्म उभं, आणि बर्फावरचं गरगर. लिमिटेड स्लिपमध्ये दोघांच्या मध्ये घर्षणाच्या चकत्या असतात. एक उधळला की चकत्या त्याला धरतात आणि वाचलेला जोर दुसऱ्याकडे जातो.

"आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे," काळेसाहेब जावयाला म्हणाले, "पण चकत्या झिजतात. तेलात वेगळं औषध घालावं लागतं, नाहीतर वळणावर कुरकुरतात. आणि दोन्ही चाकं बर्फावर असली तर?"

तर दोन्ही मिळून घसरतात, आणि ट्रकची शेपटी बाजूला निघते. मंदारने हे मान्य केलं. पण असं संपूर्ण संकट रोज येत नाही, अर्धं संकट रोज येतं, असा त्याचा मुद्दा होता. मला तो पटला. मी व्याह्यांच्या मागे बसलो असल्यामुळे मनातच पटला. 2012 च्या मॉडेलपासून अमेरिकेत सगळ्या हलक्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं झालं. त्याच्याच जोडीने येणारं ट्रॅक्शन कंट्रोल उधळलेल्या चाकाला आपणहून ब्रेक लावतं, म्हणजे नवा ट्रक असता तर अर्धा वाद मिटला असता. मंदारचा ट्रक त्याआधीचा. वाद शाबूत.

मग मंदारने साक्षीला सिनेमा काढला. 'माय कझिन व्हिनी', 1992. त्यात खुनाच्या खटल्यात मरिसा टोमे साक्ष देते की रस्त्यावर टायरचे दोन सारखे काळे पट्टे उमटलेत, म्हणजे गाडीला पॉझिट्रॅक्शन हवं. आरोपींच्या 1964 च्या ब्यूक स्कायलार्कला ते मिळतच नव्हतं. पॉझिट्रॅक्शन म्हणजे शेव्हरोलेने आपल्या लिमिटेड स्लिपला दिलेलं नाव. निर्दोष पोरं सुटतात, आणि टोमेला ऑस्कर मिळतं.

"डिफरन्शियलवर ऑस्कर?" काळेसाहेब प्रथमच मागे वळले. एस.टी.ने त्यांना निवृत्तीच्या वेळी घड्याळ दिलं होतं.

कीविनॉत शिरलो तेव्हा बर्फ सुरू होता. तिथे तो नेहमीच सुरू असतो. वायव्येकडून कोरडा गार वारा सुपीरियर सरोवरावरून येताना वाफ उचलतो आणि जमीन लागताच सगळा माल उतरवतो. मोहॉक गावापुढे हमरस्त्याला बर्फाची उंची दाखवणारा एक खांब आहे. त्यावरचा विक्रम 1978-79 चा, 390.4 इंच. काळेसाहेबांनी इंचांचे फूट केले, साडेबत्तीस. मग खांबाकडे न बघता जेवणाचं विचारलं. जेवायला पेस्टी मिळाली. तांब्याच्या खाणीत काम करायला आलेल्या कॉर्निश लोकांनी ती इथे आणली. आत बटाटा, मांस आणि एक बेचव कंद. काळेसाहेबांनी बटाट्यापुरती खाल्ली, खिशातल्या लसणीच्या चटणीबरोबर.

आणि मुक्कामाच्या केबिनसमोर, चढावर, ट्रक अडकला.

मंदारने ॲक्सिलरेटर दिला. उजवीकडून बर्फाचा फवारा उडाला, डावीकडे शांतता. काळेसाहेब उतरले, टॉर्च घेऊन मागे गेले, वाकले. "पंच, नोंद घ्या," म्हणाले, "खड्डा एकच आहे." उजव्या चाकाखाली चकचकीत घोटीव भोक पडलं होतं. डावं चाक खडीवर, टायरवरची बर्फाची पूडसुद्धा न हललेली.

मग त्यांनी एस.टी.चा उपाय सांगितला: हँडब्रेक हलका ओढून ठेव आणि गाडी रेट, उधळलेलं चाक जरा आवळलं की दुसऱ्याला जोर मिळतो. विद्या अस्सल. पण दोन सीटांच्या मध्ये चाचपडणाऱ्या त्यांच्या हाताला कॉफीचा पेलाच लागत राहिला, कारण त्या ट्रकचा हँडब्रेक डाव्या पायाशी होता आणि दाबला की खटकन् पूर्णच लागायचा. अर्धवट लावणं त्याला ठाऊक नव्हतं.

"वजन टाका," काळेसाहेब म्हणाले.

वजन म्हणजे आम्हीच होतो. जगात कुठल्याही व्याह्यांचा असा मान झाला नसेल. उणे पंधरा सेल्सियसमध्ये आम्ही दोघे हौद्यात, बरोबर मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर, मांडीला मांडी लावून बसलो. कानटोप्यांतून एकमेकांना "सांभाळून हं" म्हणत होतो. मंदारने हळूच रेटलं. ट्रक हातभर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. मी माझं पुण्यातलं वाढलेलं पोट पहिल्यांदाच कर्तव्यभावनेने पुढे काढलं. चढाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा शेजारचे आजोबा बर्फ फेकायचं यंत्र बंद करून आमच्याकडे पाहत उभे होते.

मंदारने त्यांना विचारलं, तुमच्या पिकअपला लिमिटेड स्लिप आहे का? आहे म्हणाले. उपयोग होतो? होतो. मग त्यांनी आपल्या हौद्यावरची ताडपत्री उचलून दाखवली. ॲक्सलवर वाळूच्या लांबट पिशव्या ओळीने, आणि चारही टायर हिवाळ्याचे. आधी टायर, मग वाळू, आणि मग लिमिटेड स्लिप. त्यांनी बोटं दुमडून क्रम सांगितला आणि यंत्र सुरू केलं. माझं मत आजही तेच आहे. मागच्या चाकांवर चालणारा, रोज रिकामा फिरणारा ट्रक अशा मुलखात नेणाऱ्याला ते सव्वा लाख वाया जात नाहीत. पण गुळगुळीत टायर ठेवून ते घेणं हा शुद्ध गाढवपणा.

दुसऱ्या दिवशी हॉटनच्या हार्डवेअरच्या दुकानात आम्ही वाळू घेतली. एकेक पिशवी साठ पौंडांची, म्हणजे सत्तावीस किलो. काळेसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा दुकानातून, कार्ड घासून, वाळू घेतलेली पाहिली. पिशव्या त्यांनी स्वतः उभं राहून ॲक्सलवर लावून घेतल्या, आणि डिफरन्शियललाही संमती दिली.

ट्रक सुरू झाल्यावर म्हणाले, "मंदार, पावती कुठे आहे?"

"का बाबा?"

"इथे वापरलेल्या वस्तूसुद्धा परत घेतात म्हणे. एप्रिलमध्ये विचारून बघ."