बायको असल्याचा पुरावा

दर मार्च-एप्रिलमध्ये कतारच्या दोह्यातल्या अल सद्द भागातल्या जुन्या मराठी भाडेकरूला एक बिनपगारी नोकरी लागते. तिकडे शाळांच्या परीक्षा संपत येतात आणि इकडे एकट्याने येऊन बस्तान बसवलेल्यांना ‘फॅमिली’ आणायचे वेध लागतात. फॅमिलीच्या आधी फॅमिलीचे प्रश्न येतात. ते आम्ही सोडवायचे.

यंदाचे प्रश्न ठाण्याचे आहेत. गृहस्थांना कंपनीने दोन वर्षांच्या प्रकल्पावर दोह्याला धाडलंय. नाव कशाला, आपण त्यांना ठाणेकर म्हणू. ‘दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे’ हे त्यांचं पालुपद. मी काही बोलत नाही. आमच्या इमारतीत दोनच वर्षांसाठी येऊन वीस वर्षं झालेली माणसं लिफ्टमध्ये रोज भेटतात.

ठाणेकरांची पहिली अडचण म्हणजे त्यांचं लग्न झालेलं नाही. म्हणजे झालंय, चौदा वर्षांपूर्वी, वाजतगाजत झालंय. पण कागदावर नाही. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. मात्र हॉलची नोंदणी झाली की विवाहाची झाली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कतार सरकार अल्बम बघत नाही.

“भाऊजी, आमच्या लग्नात पाचशे पानं उठली!” वहिनी फोनवर म्हणाल्या.

“हो, पण त्यातल्या एकाही पानावर शिक्का नव्हता.”

मग महापालिका, मग नमुना ‘ड’. त्यावर नवरा-बायकोच्या, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या भटजींच्या सह्या लागतात. साक्षीदारांपैकी दोघांचं आता ठाणेकरांशी बोलणं नाही. कारण अर्थातच सोसायटीतलं पार्किंग. भटजी तर मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले. म्हणजे बायकोला परदेशी न्यायचं, तर भटजींनी आधी परदेशातून परत यायला हवं. ते आले एकदाचे. सही करताना म्हणाले म्हणे, “इतक्या उशिरा? काही विचार बदलला होता का?”

दाखला हातात पडला की संपलं, असं वाटलं असेल तर तुम्ही आखातात कधी कुटुंब आणलेलं नाही. त्यावर राज्याचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग कतारच्या वकिलातीचा, आणि इथे आल्यावर कतारच्या परराष्ट्र खात्याचा. तीच वारी मुलांच्या जन्मदाखल्यांची आणि ठाणेकरांच्या पदवीची. पदवीचं भेंडोळं पोटमाळ्यावर, पितळी भांड्यांच्या पिंपात निघालं. ज्या लग्नाबद्दल सासूबाईंना चौदा वर्षं शंका होती, ते आता दोन सार्वभौम राष्ट्रांना मान्य झालंय. सासूबाईंचा शिक्का तेवढा बाकी आहे.

यानंतर बॅगा. इथे वहिनींच्या प्रतिभेला खरा बहर आला. पुरणयंत्र, सोऱ्या, पोळपाट, दोन कुकर, गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, थालीपिठाची भाजणी आणि पाच किलो कुरड्या-पापड्या. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपार जातो अशा गावी आपण ठाण्याच्या गच्चीत वाळवलेलं वाळवण विमानाने आणतो! दोह्याच्या बाल्कनीत कुरडई घालून आत वळावं तर ती पाठोपाठ हाक मारेल, ‘झाले मी.’ या उन्हापायी आमच्या अल सद्द फुटबॉल क्लबच्या स्टेडियममध्ये चक्क मैदानाला गारवा सोडायची सोय आहे. वहिनींना मी हे कौतुकाने सांगितलं. त्यांनी विचारलं, “आणि स्वयंपाकघरात आहे का एसी?” बिनतोड प्रश्न.

यादीत खसखसही होती. ती मी खोडली. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातला दाणा, आणि आखाती कस्टम्सवाल्यांना अनारसा कळत नाही.

“मग अनारशाला काय लावू?”

“तीळ.”

“मग संक्रांतीलाच करते ना!” आणि फोन ठेवला.

सासूबाईंच्या औषधांचा डबाही तसाच. अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, हे आपल्याकडे कुठल्याही घरच्या फ्रिजच्या दारात सापडतं. इथे विमानतळावर सापडलं तर ठाणेकरांचा मुक्काम सरकारी खर्चाने वाढू शकतो. आणि नातेवाइकांची पार्सलं. ‘आमच्या बाळूच्या मित्राला एवढा लाडवांचा डबा द्या’ हे वाक्य ऐकलं की मी चेष्टा थांबवतो. २०१९ साली मुंबईचं एक जोडपं सहलीला इथे आलं. नात्यातल्या बाईंनी तंबाखू म्हणून दिलेल्या पाकिटातून विमानतळावर चार किलोंच्या वर चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली, मूल तुरुंगात जन्मलं, आणि निर्दोष ठरून घरी पोचायला २०२१ उजाडलं. तेव्हा लाडू फोडून बघा. बाळूला राग येऊ दे.

गंमत अशी, की यातलं बहुतेक सामान इथे मेट्रोने जाऊन आणता येतं. पोहे, कढीपत्ता, बाकरवडी, मोसमात हापूस. महाराष्ट्र मंडळ आहे. पुणे विद्यापीठाने तर २०२१ मध्ये दोह्यात शिकवणीच सुरू केली. पुणेकर सहसा कुणाकडे आपण होऊन जात नाहीत, विद्यापीठ आलं! आणि १९६६ पर्यंत या वाळवंटात आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेले रुपये चालत होते. तेव्हा कतारी व्यापारी मुंबईचे भाव विचारायचा. आता आपण रोज सकाळी रियालचा भाव बघून मग दात घासतो.

ठाणेकर कुटुंबाने मला अजून एकही प्रश्न इथला विचारलेला नाही. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत पोरं काय करतील, उजव्या बाजूने गाडी चालवायला वहिनी शिकतील का, शेजारी सुदानी असेल तर ईदला त्याच्याकडे काय घेऊन जायचं, अरबीत ‘धन्यवाद’ कसं म्हणायचं... काही नाही. दोन वर्षं कतारमध्ये राहून कतार लागू नये, याची मात्र चोख तयारी झालेली आहे. आणि ती सिद्धीला जाते, हा आमचा अनुभव आहे. टपरीसमोर हॉर्न वाजवला की मलयाळी पोऱ्या करक चहा गाडीच्या काचेपाशी आणून देतो. एवढ्याला आम्ही ‘अरब संस्कृतीशी जवळून परिचय’ म्हणतो.

ठाणेकरांच्या फ्लॅटची किल्ली सध्या आमच्या नातूरकडे आहे. आखातात इमारतीच्या राखणदाराला नातूर म्हणतात. आमचा नातूर बिहारमधल्या सिवानचा. त्यानेच मुलांच्या खोलीतला एसी उघडून साफ केला, गिझर चालवून बघितला, आणि मला विचारलं, “साब, फॅमिली कब आ रहा है?” त्याचंही लग्न झालंय. त्याच्याही लग्नात पानं उठली असतील. पण शिक्क्यांचा प्रश्न त्याला कधी पडला नाही, कारण रांगेची सुरुवातच त्याच्यापासून फार लांब आहे. खासगी नोकरीत कुटुंब आणायचं तर साधारण दहा हजार रियाल पगार लागतो. कंपनी घर देत असेल तर कमी चालतो. २०२१ पासून इथे किमान वेतन आहे एक हजार रियाल, वर राहण्याचे पाचशे आणि जेवणाचे तीनशे. म्हणजे दहा हजारांच्या खाली माणसाला बायको असू शकते, पण ती सिवानला. इथे त्याला ‘बॅचलर’ म्हणतात, पोरं दहावीला असली तरी. आणि अशा बॅचलर कामगारांची वसतिस्थानं कुटुंबांच्या वस्तीत नकोत, असा २०१० चा कायदाही आहे. कुटुंबांचा एसी साफ करायला मात्र बंदी नाही.

काल वहिनींचा फोन आला. फ्लॅट तयार आहे, नातूरने सगळं बघून ठेवलंय, असं मी सांगितलं.

“फार चांगला माणूस दिसतोय. त्यांची फॅमिली तिथेच असते का हो भाऊजी?”

“नाही. त्यांचं लग्न झालंय, पण पगार अविवाहित आहे.”

“अगंबाई! मग त्यांच्यासाठी अर्धा किलो चिवडा जास्त टाकते.” आणि मग आतून बॅगा ओढल्याचा आवाज, वजनकाट्यावरून ठाणेकरांची कुरकुर, आणि पुन्हा वहिनी: “वजनात बसला तर हं.”